हिरवा, पिवळा, लाल

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ मध्ये महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचं उस्मानाबाद हे पहिले पाच जिल्हे. गावकऱ्यांनीच आपल्या उपकेंद्राला, प्राथमिक आरोग्य केंद्राला (पीएचसी) कार्डावर हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा आणि जनसुनवाईत तो अधिकाऱ्यांसमोर ठेवायचा. एका आदिवासी तालुक्यात मी हे काम केलं. त्यातून जे कळलं ते असं.

१. ‘सेवा कशी आहे?’ असं विचारून काही हाती लागत नाही. ‘बरी आहे की,’ एवढंच उत्तर येतं. उद्या पोर तापलं तर त्याच नर्सबाईकडे जायचंय, मग वाईट कोण बोलणार? त्यापेक्षा घडलेलं विचारावं. शेवटचं औषध दवाखान्यातून मिळालं, की बाहेरची चिठ्ठी दिली? बाळंतपणाला सरकारी गाडी आली, की जीप केली? जीपचे पैसे कुणी दिले? जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणानंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंत आईला दवाखान्यात फुकट जेवण आहे. २०११ पासून आहे. हे सांगितलं की बायका एकमेकींकडे बघतात, कुणीतरी ‘आम्ही तर घरून डबा नेला’ म्हणते, आणि तिथून पुढे खरी बैठक सुरू होते.

२. पाड्यावर वेगळी बैठक घ्यावी, तीही बायकांची निराळी. रस्त्यालगतच्या गावाला नर्सबाई नेमानं येतात, ओढ्यापलीकडच्या पाड्यावर पावसाळाभर कुणी फिरकत नाही. दोन्हींचं मिळून एकच कार्ड भरलं की रंग येतो पिवळा, आणि पाड्याचा लाल कुणाला दिसतच नाही.

३. नर्सबाईंच्या भेटींचं रजिस्टर बघावं, पण भेट खरंच झाली का हे विचारायला त्यात नाव असलेल्या घरीही जाऊन यावं.

४. सगळ्यात जास्त वेळ लाल रंगाच्या कारणावर घालवावा. औषध नसलं की लोक समोरच्या डॉक्टरवर तुटून पडतात. तो कपाटातून मागणीपत्रांच्या प्रती काढून दाखवतो. अडलेलं असतं खरेदीत, कुठेतरी वर. पदांचंही तसंच. आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक पीएचसी हा निकष. पण तिथल्या दोन डॉक्टरांपैकी एकाचं पद रिकामं असलं, तर उरलेला ओपीडी बघणार, बाळंतपणं करणार, की तालुक्याच्या मीटिंगला जाणार? म्हणून आम्ही तक्रारींचे तीन कप्पे केले. पैसे मागणं, हिडीसफिडीस करणं, दाराला कुलूप हे दवाखान्याच्या हातातलं. गाडीचं डिझेल, रजेवर गेलेल्याच्या जागी माणूस हे तालुक्याचं. पदं आणि औषधखरेदी जिल्ह्याची किंवा मुंबईची. हे कप्पे नसले की जनसुनवाईत बळी जाते नर्सबाई, कारण पळून जायला तिला जागा नसते. (मोठे साहेब बहुधा त्याच दिवशी व्हिडिओ कॉन्फरन्सला असतात.)

५. ‘वरती कळवतो’ हे उत्तर लिहून घेऊ नये. कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत, एवढं लिहावं, आणि पुढची जनसुनवाई त्या यादीनंच सुरू करावी. नव्या तक्रारी नंतर.

६. गावाच्या आरोग्य समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा मुक्त निधी होता. त्याचा हिशेब ग्रामसभेत मोठ्यानं वाचला, की खुर्च्या आणि फलकांवरचा खर्च आपोआप कमी होतो.

७. सुधारणा झाली की रंग कधी कधी उतरतो. डॉक्टर मुक्कामी राहायला लागला, कुत्रं चावल्यावरची लस मिळायला लागली, की शेजारच्या तालुक्यातलेही पेशंट येतात, रांग वाढते, आणि लोक ‘पूर्वी बरं होतं’ म्हणत पिवळ्यावर बोट ठेवतात. नुसता रंग वाचणाऱ्या साहेबाला वाटतं, दवाखाना बिघडला. म्हणून आम्ही कार्डावर रंगाच्या शेजारी त्या महिन्याचा ओपीडीचा आकडा आणि भरलेली पदं लिहायला लागलो.