डॅन्यूबची क्रूझ: जाहिरातीतला आकडा आणि खरा खर्च

जर्मनीतल्या पासाऊहून निघून व्हिएन्ना, ब्रातिस्लावा, बुडापेस्ट करत परत पासाऊ. सात रात्रींच्या या डॅन्यूब क्रूझसाठी मध्यम दर्जाच्या बोटीचे माणशी साधारण 2,500 युरो पडतात. युरो 105 रुपये धरला तर दोघांचे सव्वापाच लाख. प्रत्यक्षात घरातून निघून घरी येईपर्यंत आठ लाखांची तयारी ठेवा.

वरचे पैसे कुठे जातात? इथल्या टूर कंपनीकडून बुकिंग केलंत तर 5 टक्के जीएसटी. टीसीएस हा आगाऊ करही घेतला जातो, पण तो प्राप्तिकरात वळता होतो. पैसे फक्त काही महिने अडकतात. मुंबई-म्युनिक परतीचं विमान दोघांचं सव्वा ते दीड लाख. शेंगेन व्हिसाचे माणशी 90 युरो, शिवाय व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे आणि साठीपुढे त्याचा हप्ता चांगलाच चढतो. बोटीवर टिप माणशी रोज 10 ते 15 युरो अपेक्षित असते. विमान चुकलं किंवा उशिरा पोचलं तर बोट थांबत नाही, म्हणून आदल्या रात्रीचं हॉटेल धराच. व्हिसा ज्या देशात जास्त रात्री मुक्काम त्या देशाकडे मागायचा असतो. या मार्गावर तो बहुधा ऑस्ट्रिया असतो, तरी कंपनीकडून देशवार रात्रींचा तक्ता लेखी घ्या.

केबिनवर मात्र पैसे वाचवता येतात. माइन-डॅन्यूब कालव्यावरची जलद्वारं 12 मीटर रुंद, म्हणून बहुतेक बोटी सुमारे 11.4 मीटर रुंदीच्याच. खोल्या सगळ्याच आटोपशीर. सर्वात खालच्या मजल्यावर खिडकी उंचावर असते आणि उघडत नाही. वरच्या मजल्यावर सरकतं काचेचं दार मिळतं, त्याचे कित्येक शे युरो जास्त. पण धक्क्यावर जागा कमी असल्याने बोटी एकमेकींना खेटून उभ्या करतात. मग त्या महागड्या दारातून शेजारच्या बोटीतली खोली दिसते! माझं स्पष्ट मत: खालची केबिन घ्या, फक्त मागच्या टोकाची, इंजिनाजवळची नको.

कारण ज्यासाठी एवढा खर्च करायचा तो देखावा गच्चीवरूनच बघायचा असतो. ऑस्ट्रियातल्या मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊ खोऱ्याचा सुमारे 36 किलोमीटरचा पट्टा. मेल्कचा पिवळा मठ मागे पडला की दगडी बांधांवर चढत गेलेले द्राक्षमळे सुरू होतात. पुढे ड्युर्नश्टाईनचा निळा-पांढरा मनोरा आणि त्याच्या डोक्यावर, इंग्लंडचा राजा रिचर्ड 1192 च्या हिवाळ्यात जिथे कैदेत होता, त्या किल्ल्याचे अवशेष. हे सगळं दोन-तीन तासांत संपतं. काही वेळापत्रकांत बोट इथून रात्री जाते. बुकिंगआधी एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: वाखाऊ दिवसाउजेडी आहे ना?

दुसरी अट पाण्याची. कोरड्या उन्हाळ्यात नदी उतरते आणि बसने पुढे नेतात. बहुतेक करारांत त्याची भरपाई नसते. जर्मनीतला स्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा नदीवर बांध नसलेला टप्पा याबाबतीत कुप्रसिद्ध आहे. न्यूरेंबर्गऐवजी पासाऊहून चढलात तर तो टळतो. वाखाऊतही बांध नाही, त्यामुळे धोका पुरता संपत नाही. एप्रिल-मे त्यातल्या त्यात बरे.

आठ लाख जड वाटत असतील तर क्रेम्सला चार रात्री राहा. व्हिएन्नाहून रेल्वेने तासा-सव्वातासाचं अंतर. साधी, नीटस खोली 100 ते 140 युरोंत मिळते. मेल्कपर्यंत दिवसाच्या बोटी एप्रिल ते ऑक्टोबर चालतात. क्रेम्सहून मेल्कला प्रवाहाविरुद्ध जवळपास तीन तास लागतात, उलट दिशेने जेमतेम पावणेदोन. तिकीट तेवढंच, तेव्हा जाताना बोट आणि येताना बस घ्या.

वाइनसाठीही हाच मार्ग बरा. दारावर पाइनच्या डहाळ्यांची जुडी टांगलेली दिसली की त्या शेतकऱ्याचं ‘हॉयरिगर’, म्हणजे घरची वाइन पाजणारं ठिकाण, उघडं आहे असं समजायचं. त्याच्याच मळ्यातल्या ग्रुनर वेल्टलिनर या पांढऱ्या वाइनचा, लिटरच्या आठव्या हिश्शाचा पेला तीन ते पाच युरोंत, सोबत पाव आणि तिखट चीज. मांसाहार न करणाऱ्यांचं इथे भागतं. क्रूझवर मात्र शाकाहाराची सूचना महिनाभर आधी लेखी द्या, जैन जेवणाची तर पोच घ्याच.