'लूझिंग माय रिलिजन' : एका वाक्प्रचाराचा प्रवास

'लूझिंग माय रिलिजन' हे नाव ऐकलं की आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं, हे श्रद्धा गमावलेल्या माणसाचं गाणं असणार. कॅथलिक घरात तर ते मोठ्याने लावायला जरा दबकायलाच होतं. पण अमेरिकेच्या दक्षिण भागात हा जुना वाक्प्रचार आहे. अर्थ साधा : संयम सुटणे, सहनशक्ती संपणे. आर.ई.एम. हा बँड जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावचा, म्हणजे त्याच मुलखातला. गायक मायकल स्टाइपने स्वतः सांगितलंय, की गाणं एकतर्फी प्रेमाबद्दल आहे.

आता हे मराठीत कसं आणणार? 'धर्म बुडाला' म्हटलं तर गाणंच बुडालं. 'भान सुटलं' जवळचं आहे, पण त्यात देवाधर्माचा धागा तुटतो. उलट बाजूने बघा. आपल्याकडे 'देव पाण्यात ठेवून बसणे' म्हणतात. निकालाच्या आदल्या दिवशी आमच्या घरीही हे सर्रास म्हटलं जातं, आणि अल्तारावरचं काहीही कुणी पाण्यात ठेवत नाही! वाक्प्रचारात देव असतो, पण बोलणाऱ्याच्या मनात त्या क्षणी फक्त निकाल असतो. तसंच हे.

गाणं आलं फेब्रुवारी 1991 मध्ये, 'आउट ऑफ टाइम' या अल्बमचं पहिलं सिंगल म्हणून. रेकॉर्ड कंपनीला ही निवड जोखमीची वाटत होती, आणि त्यात नवल नाही. रॉक बँडचं गाणं, पण पुढे वाजतं मँडोलिन. गिटारवादक पीटर बक ते तेव्हा नुकतं शिकत होता. शिवाय नेहमीच्या अर्थाने धृपदच नाही. तरीही ते अमेरिकेच्या मुख्य यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलं. मला वाटतं धृपद नसणं इथे कामालाच येतं. जो माणूस आपण जास्त बोललो की कमी या घोळात अडकलाय, त्याला ठरलेल्या जागी परतून येणं जमणार कसं?

व्हिडिओ मात्र या वाक्प्रचाराला पुन्हा धर्माकडे ओढून नेतो. दिग्दर्शक तरसेम सिंग, जन्म जालंधरचा. त्याने पंख असलेला म्हातारा आणला (ही कल्पना गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या कथेवरून), बाणांनी विंधलेला संत सेबास्टियन आणला, काराव्हाज्जोच्या चित्रांसारखा अंधार-उजेड आणला. त्या वर्षी एमटीव्हीची सहा पारितोषिकं या व्हिडिओला मिळाली. म्हणजे शब्द एक सांगतायत, चित्रं दुसरं. मग ऐकणाऱ्याने शब्दशः अर्थ घेतला तर दोष एकट्या त्याचा कसा?

'ग्ली' या मालिकेने 2010 मध्ये तेच केलं. त्यात फिन नावाच्या मुलाला भाजलेल्या चीज सँडविचवर येशूचा चेहरा दिसतो. तो त्याच्याकडे मागणी मागतो, मागण्या पुऱ्याही होतात. पुढे तो सगळा योगायोग होता हे कळल्यावर तो हे गाणं म्हणतो. शाब्दिक अर्थ असा सरळ वापरला की प्रसंग चटकन समजतो, पण गाण्यातली प्रेमाची तगमग मात्र हरवते. हा सौदा मला तरी महाग वाटतो.

याउलट 'आफ्टरसन' हा शार्लट वेल्सचा 2022 चा चित्रपट. तुर्कस्तानात सुट्टीवर आलेले बाप आणि अकरा वर्षांची लेक. कॅरिओकेला मुलगी दोघांचं नाव देते, बाप उठतच नाही. ती एकटीच हे गाणं म्हणते, बेसूर, अर्थ न कळता, त्याच्याकडे बघत. इथे धर्म नाही, प्रियकर-प्रेयसीही नाहीत. पण समोरच्याने आपल्याकडे यावं म्हणून चाललेली धडपड, जी मूळ गाण्यात आहे, ती पुरेपूर आहे. नंतर बाप म्हणतो, तुला गाण्याची शिकवणी लावू. त्यावर ती त्याला सुनावते, की खिशात पैसे नाहीत हे ठाऊक असताना असं काही देऊ करू नकोस.