लॅपटॉपची खरेदी आणि वाय-फाय कार्ड

मुलचेरा हा गडचिरोली जिल्ह्यातील वनव्याप्त तालुका. येथील शाळा व ग्रामपंचायतींनी लिनक्स या मुक्त स्रोत कार्यप्रणालीचा विचार करावा, यास सबळ कारणे आहेत. ती विनामूल्य मिळते. मराठीप्रमाणेच, पूर्व पाकिस्तानातून येऊन या तालुक्यात वसलेल्या कुटुंबांची बंगालीही तिच्यात लिहिता येते. शिवाय विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने जुन्या यंत्रांचा प्रश्नही पुढे आला आहे.

खरेदीच्या वेळी प्रोसेसर आणि किंमत यांची चौकशी होते. वाय-फाय कार्ड कोणत्या कंपनीचे, हे सहसा कोणी विचारत नाही. अडचण नेमकी तेथेच उद्भवते. कार्ड चालण्यास कार्यप्रणालीच्या गाभ्यातील ड्रायव्हर लागतो, आणि बहुतेक कार्डांना फर्मवेअर नावाची आणखी एक फाइल लागते. इंटेल आपल्या कार्डांचे ड्रायव्हर स्वतःच लिनक्ससाठी पुरवीत आली आहे. त्यामुळे ती निवड बहुधा निर्धोक ठरते. ब्रॉडकॉमच्या कित्येक जुन्या कार्डांना वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो. रियलटेक व मीडियाटेक यांची बरीच कार्डे चालतात. मात्र कार्ड नवे आणि लिनक्सची आवृत्ती जुनी असल्यास ते ओळखले जात नाही.

शहरात राहिलेली फाइल लगेच इंटरनेटवरून घेता येते. पण जेथे वाय-फाय हाच एक मार्ग आहे, तेथे जोडणी सुरू करणारी फाइल मिळविण्यासाठीच जोडणी हवी असते! पातळ लॅपटॉपांत तर हल्ली नेटवर्कची तार लावण्याची सोयही नसते. मोबाइल यूएसबी तारेने जोडून वेळ निभावते, पण त्यासाठी गावात रेंज असावी लागते.

म्हणून लॅपटॉप ताब्यात घेण्यापूर्वीच लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून तो त्यावरून सुरू करावा. मूळ प्रणालीला धक्का न लावता हे करता येते. वाय-फायची नावे नुसती दिसून भागत नाही, प्रत्यक्ष जोडणी करून पाहावी. एकाच मॉडेलमध्ये निरनिराळ्या कंपन्यांची कार्डे आढळतात. तेव्हा शेजारच्या शाळेचा अनुभव पुरेसा मानू नये. ‘जेम’ या शासकीय ई-बाजारपेठेतून खरेदी करताना यंत्र आधी हाताळता येत नाही. तेथे लिनक्सवर वाय-फाय चालण्याची अट मागणीतच नमूद करावी आणि माल स्वीकारण्यापूर्वी हीच चाचणी घ्यावी.

घेतलेल्या लॅपटॉपचे कार्ड चालतच नसेल, तर यूएसबीचा छोटा वाय-फाय अडॅप्टर लावता येतो. त्याच्याही बाबतीत वेष्टनावरील नावापेक्षा आतील चिपचा क्रमांक विचारून घ्यावा.