ईदचा बाजार आणि पिशवीचा हिशोब

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत कपड्याच्या दुकानदाराला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यामुळे दुकानातून मालाबरोबर आणखी काय काय बाहेर पडते, याकडे कोणाचे लक्ष नसते. एक पठाणी सूट विकला तर त्याच्याबरोबर कारखान्याची पारदर्शक पिशवी जाते, कॉलरमध्ये अडकवलेली प्लास्टिकची पट्टी जाते, दोन-चार क्लिपा जातात आणि वरून आमच्या दुकानाची पिशवी. सूट ईदच्या नमाजला अंगावर असतो. बाकीचे सारे त्याच सकाळी मोहल्ल्याच्या गटारीत असते, आणि वरच्या पिशवीवर दुकानाचे नाव ठळक छापलेले असते! २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईचे नाले तुंबले, त्या तुंबण्यात प्लास्टिकच्या पिशव्यांचाही वाटा होता, हे आता सर्वांना माहीत आहे.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी शिक्षा त्यात ठेवली. त्यानंतर गल्ल्यावरून पातळ पिशव्या बऱ्याच कमी झाल्या आणि त्यांच्या जागी रंगीत, मऊ, कापडासारखी दिसणारी पिशवी आली. गिऱ्हाईक तिला कापडी पिशवी म्हणते. दुःखाची गोष्ट अशी की, उभा जन्म कापडात घालवलेले कित्येक दुकानदारही तिला कापडी पिशवीच म्हणतात.

ती कापड नाही. तिला नॉन-वोव्हन म्हणतात आणि ती पॉलीप्रोपीलीन या प्लास्टिकची असते. ओळखणे आपल्या धंद्यातल्या माणसाला कठीण नाही. कडेचा एक धागा ओढून पाहावा. कापडाला ताना-बाना असतो, म्हणून उभा किंवा आडवा धागा सरळ निघून येतो. या पिशवीतून धागा निघत नाही, नुसता कापसासारखा चोथा हाती येतो, कारण ती विणलेलीच नसते, प्लास्टिकचे तंतू उष्णतेने एकमेकांना चिकटवलेले असतात. तरी शंका राहिली तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून काडी लावावी. सुती कापड कागदासारखे जळते आणि चिमटीत चुरडणारी राख मागे राहते. ही पिशवी आधी आकसते, मग वितळते आणि थंड झाल्यावर कडक गोळी होते.

केंद्राच्या नियमाप्रमाणे ३० सप्टेंबर २०२१ पासून ६० जीएसएमपेक्षा हलक्या नॉन-वोव्हन पिशव्यांना मनाई झाली. हे वजन सराफाच्या काट्यावर कळते. दहा सेंटिमीटर लांब व दहा सेंटिमीटर रुंद तुकडा बरोबर कापावा. तो ०.६ ग्रॅमपेक्षा कमी भरला तर ती पिशवी ६० च्या खाली आहे. महाराष्ट्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत तर नॉन-वोव्हन पिशव्याही बंदीत धरल्या होत्या. पुढे नियमांत फेरबदल होत गेले, तेव्हा मोठी ऑर्डर देण्यापूर्वी आपल्या नगरपालिकेत ताजा नियम विचारून घ्यावा. पिशवीवाल्याच्या तोंडी खात्रीवर व्यवहार करू नये, कारण दंडाची पावती त्याच्या नावाने फाटत नाही.

मग खरी कापडी पिशवी द्यावी काय? द्यावी, पण आधी हिशोब समजून घ्यावा. छत्तीस इंच पन्ह्याच्या एक मीटर मांजरपाटातून तेरा-तेरा इंचाच्या तीन पट्ट्या निघतात. प्रत्येक पट्टी मधोमध दुमडून शिवली की साधारण बारा इंच रुंद व सोळा इंच खोल पिशवी होते. पट्ट्याला नवार लावावी, ती अधिक टिकते. कापड, नवार, शिलाई आणि छपाई मिळून समजा पिशवी पंचवीस रुपयांना पडली, तर तीनशेच्या कुर्त्यावर ती परवडत नाही, हे सांगायला मुनीम लागत नाही.

दुसरीही एक बाजू आहे, ती फारसे कोणी सांगत नाही. कापूस पिकवायला पाणी आणि खत लागते, सूतगिरणीला व मागाला वीज लागते. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ साली अभ्यास केला, त्यात वातावरण तापवण्याच्या बाबतीत एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते असे निघाले. प्लास्टिक गटार तुंबवते, जनावरांच्या पोटात जाते, हा हिशोब त्यात नाही. तरीसुद्धा दर ईदला प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी कोरी सुती पिशवी वाटणे म्हणजे इसराफच.

आमच्या मते वाट दुसरीकडे आहे. प्रत्येक कापड दुकानात कटपीस पडलेले असतात, डागी ताग्याचे टोक असते, न खपलेले अस्तर असते. हा माल आपण शेवटी किलोवर फुंकून टाकतो. त्याच्याच पिशव्या शिवून घेतल्या तर खर्च शिलाईपुरताच राहतो. मात्र अस्तर पॉलिएस्टरचे असेल तर तेही प्लास्टिकच आहे, पाण्याची बाटली ज्या पदार्थाची असते त्याच जातीचे. फरक एवढाच की, मजबूत शिवलेली पिशवी पाच वर्षे घरात राहते. रंगाला रंग जुळत नाही म्हणून लाजू नये.

आणि पिशवी घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला बिलात पाच रुपये सोडावेत. पिशवीचे पैसे वेगळे लावणे जोखमीचे आहे. २०१९ साली चंडीगडच्या ग्राहक मंचाने आपली जाहिरात छापलेल्या पिशवीचे तीन रुपये घेतल्याबद्दल पादत्राणांच्या एका मोठ्या कंपनीला दंड केला होता. सूट दिली तर तक्रार कोण करणार?

आतल्या पारदर्शक पिशवीचे काय? ती गल्ल्यावर थांबत नाही, ती माल भरतानाच थांबते. घाऊक व्यापाऱ्याला ऑर्डर देताना लहान मुलांचे कपडे आणि दुपट्टे डझनाला एकाच पिशवीत मागावेत. पांढऱ्या मालाला व जरीकामाला धूळ-ओलीपासून वेगळे वेष्टन लागते, तिथे हट्ट धरू नये. काही कारखानदार नाही म्हणतील. पण एका बाजारातील आठ-दहा दुकानदारांनी मिळून मागणी केली तर घाऊकवाल्याला ऐकावे लागते, असा आमचा अनुभव आहे.

इफ्तारच्या दस्तरखानाबद्दल इथे थोडेच सांगतो. प्लास्टिकच्या प्लेटा, पेले व चमचे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, तसेच १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे फलकही. ईद मुबारकचे फलक पुन्हा कापडावर रंगवले जाऊ लागले तर त्यात आपलाच धंदा आहे. बकरी ईदला मांस वाटताना इंडोनेशियात काही ठिकाणी बांबूच्या विणलेल्या टोपल्या वापरतात, त्यांना बेसेक म्हणतात. आपल्याकडे घरचा झाकणाचा डबा पुरे.

रमजानचा माल आपण रजबच्या आसपास भरतो. पिशव्या शिवायला टाकायच्या असतील तर त्याही तेव्हाच टाकाव्यात, कारण शाबान निम्मा सरला की दर्जी कोणाचेही ऐकत नाही.