नवी वहाण

आपल्या मराठी भाषेत कुत्रा चावतो, विंचू चावतो, आणि नवी वहाणही चावते! वहाणेला ना तोंड, ना दात; तरी बाजारातून घरी येताच ती असा काही चावा घेते की, चालणारा लंगडू लागतो. असे का व्हावे? जी वस्तू पायाच्या रक्षणासाठी घेतली, तीच पायाला इजा का करते? आणि तीच वहाण दोन-तीन आठवड्यांनी इतकी सुखद कशी होते की, ती पायात आहे याचाही विसर पडावा? या साध्या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो, म्हणजे आपल्या पायांची, चामड्याची आणि ते शिवणाऱ्या कारागिराच्या विद्येची पुष्कळशी ओळख होते.

प्रथम पायाचा विचार करू. पाऊल म्हणजे हाडामांसाचा एक सपाट तुकडा, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. आपल्या एकेका पावलात २६ हाडे असतात. मोठ्या माणसाच्या सर्व शरीरात मिळून हाडे २०६. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा हाडे दोन पावलांतच सामावलेली आहेत! ही हाडे कमानीसारखी रचलेली असतात. आपण उभे राहिलो की, शरीराच्या भाराने ही कमान किंचित दबते आणि पाऊल थोडे लांब व रुंद होते. पाऊल उचलले की ते पुन्हा आखडते. दिवसभर उभे राहून व चालून संध्याकाळी पाय थोडे सुजतातही. शिवाय बहुतेकांचा एक पाय दुसऱ्याहून किंचित मोठा असतो. तुमच्यासारख्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. तुमचे पाय अजून वाढत आहेत आणि त्यांतील हाडे अद्याप पुरती कठीण झालेली नाहीत. म्हणून तोकड्या वहाणेत कोंबलेली बोटे हळूहळू वाकडी होऊ शकतात.

यावरून माप कसे घ्यावे, ते आपोआप कळते. बसून माप देऊ नये. उभे राहून द्यावे. सकाळी देऊ नये. दिवस कलल्यावर द्यावे. एका पायाचे देऊ नये. दोन्ही पायांचे द्यावे आणि मोठ्या पायाला बेताची होईल अशी वहाण घ्यावी. आठवड्याच्या बाजारी बसणारा जाणता कारागीर हेच करतो. तो म्हणतो, "बाळा, असा सरळ उभा राहा पाहू. अंग चोरू नकोस, दोन्ही पायांवर सारखा भार टाक." मग तो कागदावर पाऊल ठेवून घेतो, त्याच्या कडेने पेन्सिल फिरवतो, आणि पंजाचा सर्वांत रुंद भाग दोरीने मोजतो. कारण केवळ लांबी जुळली म्हणजे वहाण जुळली, असे होत नाही. रुंदी, पायाची उंची आणि टाच, या तिन्हींचा मेळ बसावा लागतो.

लांबीच्या मापाची एक गंमतीची हकीकत आहे. आपल्या प्राचीन ग्रंथांत आठ यव, म्हणजे आठ जव, शेजारी शेजारी मांडले की एक अंगुळ होते, असे कोष्टक आढळते. इंग्लंडातही जुन्या काळी जवानेच लांबी मोजत. मात्र तेथे दाणे लांबीकडून ओळीने मांडीत, आणि असे तीन दाणे मिळून एक इंच होई. इंग्रजी पद्धतीच्या बुटांच्या मापात आजही एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंत इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याचे, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरचे, अंतर असते. तुमच्या बुटावर छापलेला आकडा म्हणजे शेतातल्या जवाच्या दाण्यांची एक जुनी मोजणीच आहे!

आता चामड्याकडे वळू. कच्चे कातडे लवकर कुजते. ते टिकावे म्हणून बाभळीची साल, हिरडा यांसारख्या तुरट वस्तूंच्या पाण्यात ते पुष्कळ दिवस मुरवतात. कोल्हापुरी वहाणांचे चामडे परंपरेने याच रीतीने कमावले जाते. या वहाणांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. असे चामडे बारीक तंतूंच्या जाळ्याने विणलेले असते. नवेपणी हे तंतू ताठ असतात. पायाची ऊब, घामाचा ओलावा आणि पावलाचा दाब यांमुळे ते हळूहळू सैलावतात व पावलाच्या आकाराप्रमाणे बसतात. अंगठ्याखाली, पंजाखाली, टाचेखाली वहाणेत खळगे पडतात. म्हणूनच दुसऱ्याची वापरलेली वहाण मापाने बरोबर असली, तरी आपल्या पायाला परकी वाटते. तिने दुसऱ्या पावलाचा ठसा घेतलेला असतो.

पूर्वी तर या गोष्टीवरच सगळी भिस्त होती. युरोपात कित्येक पिढ्या डाव्या-उजव्याचा भेद न करता दोन्ही जोडे एकाच सरळ आकाराचे बनवीत. कोणता जोडा डावा आणि कोणता उजवा, हे वापरणाऱ्याचे पायच ठरवीत! एकोणिसाव्या शतकात मात्र दोन पायांचे दोन निराळे जोडे करण्याची पद्धत तेथे रूढ झाली, आणि पायांचा छळ बराच कमी झाला.

चामडे पायाला वळते खरे. पण त्यालाही मर्यादा आहे, आणि ती ओळखणे हेच या विद्येतले मर्म आहे. पट्टा ताठ असेल, तर तो मऊ होईल. रुंदीत किंचित आवळत असेल, तर चामडे सैल पडेल. परंतु लांबीला तोकडी असलेली वहाण कितीही वापरली तरी लांब होत नाही. बोटे पुढच्या कडेच्या बाहेर जात असतील किंवा बुटाच्या टोकाला टेकत असतील, तर ती सहनशीलतेची परीक्षा नव्हे. ते चुकीचे माप होय. उलट, "मुलाचे वाढते अंग आहे, दोन वर्षे पुरेल," म्हणून फार मोठी वहाण घेणेही बरे नव्हे. सैल वहाणेत पाऊल पुढेमागे घसरते, बोटे वहाण धरून ठेवण्यासाठी सतत आखडतात, आणि टाच घासली जाते. उभे राहिल्यावर बोटांपुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा उरावी. वाढीसाठी तेवढी पुरे. ती भरत आली की माप पुन्हा पाहावे.

माप बरोबर असूनही नवी वहाण काही दिवस चावतेच. तिला वळण लावण्याची रीत सोपी आहे. पण तिला धीर हवा. पहिल्या दिवशी घरातल्या घरात अर्धा-पाऊण तास वहाण घालावी. दुसऱ्या दिवशी थोडा अधिक वेळ, मग अंगणात, मग शेजारच्या आळीपर्यंत, असा वापर वाढवावा. ताठ पट्ट्याला आतून तेलाचा हात लावावा आणि पट्टा बोटांनी हळूहळू वाकवावा. लवकर मऊ व्हावी म्हणून वहाण पाण्यात भिजत घालू नये आणि कडक उन्हात वाळवू नये. अशाने चामडे सुकून कडक होते व त्याला भेगा पडतात. बूट असतील, तर आत जाड सुती मोजे घालावेत.

घाई केली तर काय होते? वहाणेची कड एकाच जागी पुन्हापुन्हा घासते. त्वचेचा वरचा थर खालच्या थरापासून सुटतो, मधल्या पोकळीत पाणी जमते आणि फोड येतो. त्वचा ओली असेल, तर हे अधिकच लवकर घडते. असा फोड मुद्दाम फोडू नये. त्याच्यावरची त्वचा हेच त्या जखमेचे उत्तम झाकण असते. जागा स्वच्छ धुऊन कोरडी करावी, वर स्वच्छ पट्टी बांधावी आणि ती वहाण काही दिवस बाजूला ठेवावी. फोडाभोवती लाली वाढली, पू झाला किंवा ताप आला, तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे.

ज्यांना दूर चालावयाचे असते, त्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक असते. आषाढी वारीसाठी संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते आणि अहमदनगर जिल्ह्यातून पंढरपूरकडे जाते. या जिल्ह्याला २०२४ सालापासून अहिल्यानगर असे नाव आहे. राहुरी, नगर शहर, मिरजगाव, कर्जत अशी गावे मागे टाकीत वारकरी तीन आठवड्यांहून अधिक काळ पायी चालत असतात. खाली चिखल, वरून पाऊस आणि पाय दिवसभर ओले, अशा वेळी नवी कोरी वहाण पायात असेल, तर दुसऱ्याच मुक्कामी पाय सोलून निघावयाचे! म्हणून पायांना सरावलेली वहाण घालून वाटेला लागणे शहाणपणाचे असते. याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कळसूबाईचे शिखर आहे. समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर होय. बारी गावाकडून चढताना उभ्या कड्यांवर लोखंडी शिड्या लागतात. चढताना टाच घासते आणि उतरताना बोटे पुढे आपटतात. तेथे नव्या बुटांची पहिली परीक्षा घेणे योग्य नव्हे.

आपल्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, लडाखमध्ये, हिवाळ्यात तळी गोठतात आणि मुले-मुली बर्फावर हॉकी खेळतात. त्यांच्या बुटांच्या तळाला पोलादी पाते असते. हे बूट इतके ताठ असतात की, सुरुवातीला घोटे दुखून येतात. तेथेही नियम हेच. बूट घट्ट असावा, पण रक्त अडवणारा नसावा. सरळ उभे राहिल्यावर बोटे टोकाला जेमतेम स्पर्श करतील आणि गुडघे वाकवताच टाच मागे बसून बोटे मोकळी होतील, असे त्याचे माप असते. आजचे पुष्कळ बूट विशिष्ट भट्टीत बेताचे तापवून, मऊ असतानाच पायात घालून आकारास आणतात. बाभळीच्या सालीत मुरलेले चामडे जे काम आठवड्यांत करते, तेच हे बूट काही मिनिटांत करतात. परंतु चुकीचे माप भट्टीत घालूनही बरोबर होत नाही!

मुलांनो, येथवर वहाणेचे दुखणे कसे टाळावे, हे आपण पाहिले. आता दुखण्याचे उपकारही पाहू. डॉक्टर पॉल ब्रँड हे शल्यवैद्य १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरोग्यांच्या पायांना वारंवार जखमा का होतात, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. रोगामुळे मज्जातंतू बधिर होतात आणि पायाला वेदना कळत नाही. वहाण चावली तरी रोगी तसाच चालत राहतो. खिळा टोचला तरी थांबत नाही. मग लहानशी जखम चिघळून पाऊलच गमावण्याची वेळ येते. अशा रोग्यांसाठी मऊ रबराच्या तळाच्या वहाणा तयार करण्यात आल्या, आणि रोज रात्री पाय तपासून पाहण्याची शिस्त त्यांना शिकवली गेली. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या काही माणसांचे पायही असेच बधिर होतात. तुमच्या घरी आजोबांना किंवा आजीला मधुमेह असेल, तर त्यांचे तळपाय रोज एकवार पाहण्याचे काम तुम्ही आनंदाने अंगावर घ्या. त्यांना न दिसणारी जखम तुमच्या डोळ्यांना दिसेल.

तेव्हा वेदना ही आपली वैरी नव्हे; ती पायाने धाडलेला निरोप आहे. तो निरोप दडपून ठेवू नये. आई-वडिलांनी कष्टाच्या पैशांतून घेतलेली वहाण लागते, हे सांगावयास पुष्कळ मुले संकोचतात. "वडिलांना वाईट वाटेल" या विचाराने ती मुकाट्याने लंगडत शाळेत जातात. त्यांचा विचार चांगला असला, तरी मार्ग चुकीचा आहे. पहिल्याच दिवशी सांगितले, तर वहाण बदलून मिळू शकते किंवा कारागीर पट्टा सैल करून देऊ शकतो. उशीर केला, तर वहाणही वाया जाते आणि पायही दुखावतो.

"पायातली वहाण पायातच बरी," अशी एक म्हण आपल्याकडे आहे. वहाणेला, आणि तिच्याबरोबर ती शिवणाऱ्या हातांनाही, समाजाने दीर्घकाळ हलके लेखले. पण २६ हाडांच्या पावलाचा भार जाणून, चामड्याचा स्वभाव ओळखून, रापी आणि आरी यांच्या साहाय्याने प्रत्येकाच्या पायाला जुळेल अशी वहाण घडवणे, ही का लहान विद्या आहे? संत रोहिदास हेच काम करीत, आणि त्यांच्या भक्तीपुढे मोठमोठे लोक नम्र झाले. पुढच्या वेळी कारागीर तुमचे पाऊल हाती घेऊन माप घेईल, तेव्हा त्याच्याशी आदराने बोला. तुमच्या पुढच्या हजारो पावलांचे सुख त्याच्या त्या एका मापावर अवलंबून असते.

स्वाध्याय

१. वहाणेचे माप उभे राहून आणि संध्याकाळी का द्यावे?
२. नव्या वहाणेचा कोणता दोष वापराने जातो व कोणता जात नाही? कारणे द्या.
३. "वेदना ही आपली वैरी नव्हे," या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. घरातील सर्वांच्या दोन्ही पावलांची लांबी मोजून तक्ता तयार करा. डाव्या-उजव्या पावलांत कोणाकोणाच्या फरक आढळला?
५. तुमच्या गावातील चर्मकाराला भेटा. त्याच्या हत्यारांची नावे व उपयोग विचारून दहा ओळी लिहा.