खेळाडूची मुदत, पटकथाकाराचा हक्क

फुटबॉल आणि सिनेमा हे व्यापाराच्या पानाचे विषय नव्हेत, असे काही वाचक म्हणतील. परंतु ज्या पेशात एक माणूस आपली मेहनत विकतो आणि दुसरा दाम मोजून ती घेतो, तो धंदाच होय. आणि धंदा म्हटला की दर, मुदत, उधारी आणि कागद या चार गोष्टी आल्याच. आमच्या गिऱ्हाइकांत असे पालक आहेत की ज्यांचा मुलगा शाळा सुटली की फुटबॉल घेऊन मैदानात असतो. काहींचा मुलगा वही घेऊन अंधेरीच्या ऑफिसांतून कथा ऐकवत हिंडतो. वडीलमंडळी आम्हाला एकच विचारतात, "यात मिळते किती?" आमच्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. काम संपल्यावर काय उरते आणि ते कोणाच्या हातात राहते, हे आधी विचारावे. यासाठी आम्ही इंग्लंडच्या खालच्या लीगमधला खेळाडू आणि मुंबईचा पटकथाकार असे दोन नमुने घेतले आहेत, कारण या दोहोंचा हिशोब बराचसा उघड झालेला आहे.

इंग्लंडच्या फुटबॉलची रचना उतरंडीसारखी आहे. सर्वात वर २० क्लबांची प्रीमियर लीग. तिच्याखाली तीन विभाग, प्रत्येकी २४ क्लब, म्हणजे ७२. त्यांच्याखाली नॅशनल लीग, आणि तिच्याही खाली गावोगावच्या लीग. टी.व्ही.वर जे दिसते ते वरचे मडके. खालच्या मडक्यांतील खेळाडू दिवसा नोकरी करतो, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव करतो आणि शनिवारी खेळतो.

या धंद्याची सुरुवात कापडवाल्यांच्या गावांतून झाली, हे आमच्या वाचकांना आवडेल. १८८८ साली १२ क्लबांनी फुटबॉल लीग काढली, त्यांतले ६ लँकाशायरचे होते. ब्लॅकबर्न, बर्नली, बोल्टन, प्रेस्टन, अॅक्रिंग्टन ही नावे विलायती कापडाच्या जमान्यातील व्यापाऱ्यांना परकी नव्हती. खेळाडूला पैसे देणे १८८५ पर्यंत नियमात बसत नसे. मग गिरणीगावचे क्लब स्कॉटलंडहून चांगले खेळाडू आणीत आणि त्यांना गिरणीत कामाला लावीत. प्रेस्टन क्लबचा कारभारी विल्यम सडेल हा स्वतः कापूस गिरणीचा व्यवस्थापक. १८८४ मध्ये त्याने आपण खेळाडूंना पैसे देतो हे उघड कबूल केले, आणि पुढच्याच वर्षी पगारी खेळाडूला मान्यता द्यावी लागली.

मात्र पगार मान्य झाला तसा त्याला चापही बसला. १९०१ साली आठवड्याला जास्तीत जास्त ४ पौंड अशी कमाल मर्यादा आली, आणि तो चाप वाढत वाढत १९६१ मध्ये २० पौंडांवर असताना निघाला. त्याहून वाईट अट दुसरी होती. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी जुन्या क्लबकडेच राही. क्लबने सोडले नाही तर तो दुसरीकडे खेळू शकत नसे, आणि जुन्या क्लबकडून पगार मिळेलच याचीही खात्री नसे. माग थांबला, मजुरीही थांबली, पण कारागिराने शेजारच्या कारखान्यात जायचे नाही, अशातला हा प्रकार.

न्यूकॅसलचा जॉर्ज ईस्टहॅम याने १९६० साली याविरुद्ध खेळणे बंद केले आणि त्या दिवसांत बुचांच्या लाकडाचा, म्हणजे कॉर्कचा, विक्रेता म्हणून नोकरी केली. १९६३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत धंद्यावर गैरवाजवी बंधन घालणारी ठरवली. तरीही करार संपलेल्या खेळाडूसाठी पैसे मागण्याची चाल युरोपभर चालूच राहिली. ती मोडली बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बॉसमनने. हा काही मोठा तारा नव्हता. १९९० मध्ये लिएज क्लबशी त्याचा करार संपला. क्लबने नवा करार देऊ केला तो महिना १,२०,००० फ्रँकवरून ३०,०००वर आणून. फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतील डंकर्क क्लब त्याला घ्यायला तयार होता, परंतु पैशांच्या हमीवरून लिएजने त्याला जाऊ दिले नाही. तो कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबकडे विनामोबदला जाऊ शकतो. पुढे मोठ्या खेळाडूंनी या निकालावर अफाट कमावले. बॉसमनच्या स्वतःच्या वाट्याला उमेदीची वर्षे वाया जाणे, दारूचे व्यसन आणि तंगी आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. करार चालू असताना खेळाडू विकला गेला की जी रक्कम वर्तमानपत्रांत झळकते ती जुन्या क्लबची असते. मुंबईच्या गाळ्याची पागडी गुमास्त्याला मिळत नाही, तसेच हे. जेमी वार्डीचा हिशोब पाहा. शेफील्ड वेन्सडे क्लबने त्याला १६व्या वर्षी काढून टाकले. मग तो स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या छोट्या क्लबात आठवड्याला ३० पौंडांवर खेळला आणि दिवसा हाडांना बांधण्याच्या पट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात राबला. २०१० मध्ये हॅलिफॅक्सने त्याला १५,००० पौंडांना घेतले, २०११ मध्ये फ्लीटवूडने सुमारे दीड लाखाला, आणि २०१२ मध्ये लेस्टरने १० लाखांना. म्हणजे दोन वर्षांत मालाचा भाव सुमारे ६५ पटींनी चढला आणि प्रत्येक वेळी चेक क्लबच्या खात्यात गेला. वार्डीला मिळाला तो पगार. लेस्टरने २०१६ साली प्रीमियर लीग जिंकली, त्यात तो होता. २०२० मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी, त्या लीगमध्ये सर्वात जास्त गोल त्याचे होते. असे फार थोडे. एकाचे नाव होते आणि तेच नाव पाहून हजार पोरे बूट विकत घेतात; बुटांच्या दुकानदाराचा फायदा तेवढा पक्का.

बाकीच्यांचे काय होते? खालच्या लीगमधील करार बहुधा एक किंवा दोन हंगामांचा असतो आणि ३० जूनला संपतो. मे महिन्यात क्लब ठेवलेल्यांची व सोडलेल्यांची यादी लावतो. त्या यादीत नाव नसले की गुडघ्याची दुखापत आणि घराचे भाडे दोन्ही आपले. ईदनंतर उरलेल्या ईदच्या मालाला जो भाव, तो ३२ वर्षांच्या खेळाडूला.

यात क्लबच बुडाला तर? लँकाशायरच्याच बरी गावचा क्लब १८८५चा. १९०० आणि १९०३ साली त्याने एफ.ए. कप जिंकला होता. डिसेंबर २०१८ मध्ये तो १ पौंडाला विकला गेला. त्या हंगामात खेळाडूंचे पगार थकले, तरीही त्यांनी खेळून क्लबला वरच्या विभागात चढवले. आणि २७ ऑगस्ट २०१९ रोजी लीगने क्लबची हकालपट्टी केली. हंगाम सुरू झालेला, इतर क्लबांची भरती जवळजवळ उरकलेली, अशा वेळी खेळाडू रस्त्यावर आले.

व्यापाऱ्याने यातला एक नियम समजून घ्यावा. लीगमधील क्लब दिवाळखोरीत गेला आणि त्याला लीगमध्ये राहायचे असेल, तर खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांची देणी पूर्ण फेडावी लागतात. छपाईवाला, खाणावळवाला, गणवेश पुरवणारा यांना जे उरेल त्यातून. बरीच्या तडजोडीत अशा सामान्य धनकोंना पौंडामागे २५ पेन्स ठरले होते. ब्रिटिश कर खात्याने या नियमाला आव्हान दिले, पण २०१२ मध्ये ते हरले. आम्ही उधारीवर माल देणारे, म्हणून आमची सहानुभूती कोणाकडे हे सांगायला नको. परंतु खेळाडूचे हे संरक्षणसुद्धा क्लब लीगमध्ये टिकला तरच. क्लबच हाकलला गेला की नियमाची पकड सुटते.

आता पटकथाकाराकडे येऊ. खेळाडूचा माल नाशवंत, म्हणून त्याने मुदत आणि वेळेवर वसुली पाहावी. लेखकाचा माल त्याच्या उलट, तो टिकतो. १९७५ सालचा 'शोले' आजही चालतो. कापडछपाईच्या भाषेत, लेखक तागा विकायला जातो पण बहुतेक वेळा छपाईचा ठसाच देऊन येतो, आणि मोबदला घेतो एका ताग्याचा.

जुन्या स्टुडिओंत लेखकाला 'मुनशी' म्हणत. संवाद उर्दू लिपीत लिहिले जात, आणि आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना त्या मुनशींचा अभिमान असे. पण या नावात एक हिशेबनीसपणाही होता, म्हणजे मालक सांगेल ते उतरवणारा. हिंदी सिनेमात कथा, पटकथा आणि संवाद यांची नावे वेगवेगळी लागतात. सूत एकाचे, विणकाम दुसऱ्याचे, रंगाई तिसऱ्याची. 'मुगल-ए-आझम'चे (१९६०) संवाद तर चौघांचे : अमान, कमाल अमरोही, एहसान रिझवी आणि वजाहत मिर्झा. काम असे वाटले गेले की एकाला हटवून दुसरा बसवणे निर्मात्याला सोपे जाते.

सलीम-जावेद यांनी तिन्ही कामे एका हातात घेतली, आणि त्यांची ताकद तेथून आली असे आमचे मत आहे. सलीम खान इंदूरहून नट व्हायला आले होते, जावेद अख्तर १९६४ मध्ये मुंबईत आले. १९७३ मध्ये 'जंजीर' लागला तेव्हा पोस्टरवर लेखकांचे नाव नव्हते. या दोघांनी रंगारी लावून मुंबईतील पोस्टरांवर आपले नाव रंगवून घेतले. लोक हा किस्सा गंमत म्हणून सांगतात. आम्हाला त्यात ट्रेडमार्क दिसतो. ताग्याच्या काठावर गिरणीचे नाव छापलेले असते ते उगाच नव्हे. पुढच्या ताग्याचा भाव त्या छापावर ठरतो. १९८०च्या सुमारास, म्हणजे जोडी फुटण्याआधी, या दोघांच्या नावावर वितरक चित्रपट घेत असत.

२०१३ मध्ये 'जंजीर' नव्याने निघाला. ४० वर्षांपूर्वीच्या लेखनाचा हक्क आमचा, असे म्हणून दोघे न्यायालयात गेले आणि प्रकरण तडजोडीने मिटले. खेळाडूने ४० वर्षांपूर्वी मारलेल्या गोलाबद्दल असा दावा करता येत नाही.

कायद्यानेही मध्यंतरी वळण घेतले. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात मे २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. राज्यसभेत तिच्यासाठी बोलणाऱ्यांत जावेद अख्तर होते. सिनेमात वापरलेल्या साहित्याच्या लेखकाला, चित्रपटगृहातील प्रदर्शन सोडून इतर वापरांच्या रॉयल्टीतील आपला समान हिस्सा आता लिहून देता येत नाही, दिला तरी तो ग्राह्य नाही. कागदावर हे उत्तम आहे. परंतु हक्क असणे वेगळे आणि वसुली होणे वेगळे, हे उधारीच्या वहीवर बसणाऱ्याला शिकवावे लागत नाही. गीतकारांची वसुली करणारी संस्था १९६९ पासून आहे. पटकथाकारांची वसुली अजून तितकी रुळलेली नाही.

अमेरिकेत लेखकांच्या संघटनेने हे काम संपाने केले. १९६० च्या संपातून टी.व्ही.वरील पुनःप्रदर्शनाचा हिस्सा आणि पेन्शनचा पाया मिळाला. २०२३ मध्ये त्यांनी १४८ दिवस लेखणी खाली ठेवली, तेव्हा संगणकाने लिहिलेल्या मजकुराबद्दलच्या अटीही करारात आल्या. तेथे पडद्यावर नाव कोणाचे लागावे यावर वाद झाला तर निवाडाही संघटनाच करते. कमी दराने काम करणारा नवा लेखक दारात उभा असताना एकट्या लेखकाला हे जमले नसते.

दोन्ही पेशांत आरंभीची वर्षे दुसऱ्या रोजीवर निघतात, हे पालकांनी गृहीत धरावे. वार्डीचा कारखाना वर आलाच आहे. कादर खान भायखळ्याच्या साबू सिद्दीक संस्थेत सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवत असताना संवादलेखनाकडे वळले. ज्या मुलाच्या हातात असे दुसरे काम आहे तो सही करण्यापूर्वी कागद घरी आणून वाचू शकतो. ज्याच्या हातात नाही तो तेथेच सही करतो.

आणि कागद वाचताना खेळाडूने शेवटची तारीख, दुखापतीच्या काळातील पगार आणि क्लबला एकतर्फी मुदत वाढवता येते का, हे पाहावे. लेखकाने अधिक बारकाईने पाहावे. हक्क देणे लेखी आणि सहीचे असल्याशिवाय कायद्यात धरले जात नाही. घेतलेला हक्क निर्मात्याने वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे म्हटलेले नसल्यास तो परत येतो. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. या तिन्ही सवलती लेखकाच्या बाजूच्या आहेत, पण त्या लागू होतात कागदावर ती जागा कोरी असेल तरच. निर्मात्याकडून छापून येणाऱ्या नमुन्यात ती जागा बहुधा कोरी नसते. तेथे 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगभर' हे शब्द आधीच टाइप केलेले असतात.