पोळ्याची लोकर, होळीचे सूत

कारंजा (घाडगे) येथे होळी झाली की स्वेटर पेटीत जातात आणि कुलरच्या ताट्या धुवायला बाहेर निघतात. मृग बहाराची उरलीसुरली संत्री भरून गाड्या नागपूर-अमरावती महामार्गाला लागलेल्या असतात. दुपारी गल्लीत चिटपाखरू नसते. विणणारीच्या मनात नवे काम घोळू लागते ते नेमके याच दिवसांत. परीक्षा आटोपतात, दुपार लांबते आणि हिवाळ्यात हाती घेतलेल्या राखाडी स्वेटरचा कंटाळा आलेला असतो.

प्रस्तुत लेखिकेने अशाच एका मार्चमध्ये तो स्वेटर, फक्त बाह्या राहिल्या असताना, बाजूला ठेवला. त्याच्या दहा नंबरच्या सुया काढून घेतल्या आणि पंधरा दिवसांत तीन नवी कामे सुरू केली. भाचीसाठी सुती टॉप, आईसाठी लोकरीची शाल आणि दारासाठी क्रोशाचे तोरण. मृगाचा पाऊस आला तेव्हा या चारांपैकी एकच पूर्ण होते, ते म्हणजे टॉप, आणि तोच बिघडला होता.

शाल अर्धी राहण्याचे कारण सरळ आहे. इथे वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. शाल जसजशी वाढते तसतशी ती मांडीवर पसरते, आणि नवतपात मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन कोणी बसू शकत नाही. त्यातून बाजारात सरसकट ‘लोकर’ म्हणून मिळणारे गुंडे पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकचे असतात. लेबल वाचल्याशिवाय ते कळत नाही. खरी लोकर आपल्या वजनाच्या साधारण 16 टक्के ओल हवेतून धरते, कापूस आठ टक्क्यांच्या आसपास, अ‍ॅक्रिलिक जेमतेम दीड-दोन टक्के. घामाने ओले झालेले बोट अ‍ॅक्रिलिकवर अडते, अ‍ॅल्युमिनियमच्या सुईवर टाका सरकेनासा होतो, मग वीण एका ओळीत घट्ट आणि दुसऱ्या ओळीत सैल पडते. बांबूच्या सुया घाम थोडा शोषतात. उन्हाळ्यात विणायचेच तर त्या घ्याव्यात.

टॉपची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. लोकरीच्या झबल्याचे माप डोक्यात होते, त्याच हिशेबाने सुताचे टाके घातले. अंगाला लावून पाहिला तेव्हा तो कमरेवर नीट बसला. धुऊन दोरीवर वाळत घातला आणि संध्याकाळी काढला, तर खालची कड गुडघ्याजवळ पोचलेली. शेजारच्या काकूंनी तो हातात घेऊन एवढेच विचारले, “नमुना धुऊन पाहिला होता का?”

पाहिला नव्हता. लोकरीचा तंतू मुळातच कुरळा असतो, ताणला तरी आखडून जागेवर येतो. कापसाच्या तंतूला ती लवचीकता नाही. शिवाय तो जड आहे. एक घन सेंटिमीटर कापसाचे वजन सुमारे 1.54 ग्रॅम, लोकरीचे 1.31 आणि अ‍ॅक्रिलिकचे 1.17 ग्रॅम. विणलेला सुती कपडा ओला झाला की पाण्याचे वजनही त्यात मिळते, आणि दोरीवर लटकताना प्रत्येक टाका खाली ओढला जातो. म्हणून सुताचे काम धरण्याआधी त्याच सुयांवर 15 सेंटिमीटरचा चौकोन विणावा, साबणाने धुवावा, चिमट्याने टांगून वाळवावा आणि मग टाके मोजावेत. एक दुपार जाते, पण पुढचा महिना वाचतो. तयार कपडा मात्र कधीही टांगू नये, चादरीवर पसरून वाळवावा. गडद रंगाचे सूत आधी पांढऱ्या फडक्यात ओले करून रंग सुटतो का ते पाहावे.

वर्धा हा कापसाचा जिल्हा. 1938 मध्ये गांधीजींनी उघडलेले मगन संग्रहालय इथलेच, सूतकताईची परंपराही इथली. त्यामुळे चरख्यावरचे सूतच विणावे असे मनात येते, आणि ते यावेच. फक्त ते एकपदरी असते हे ध्यानात ठेवावे. एकपदरी सुतातला पीळ उलगडू पाहतो आणि सरळ विणलेला चौकोन तिरका होतो. दोन पदर उलट पिळाने एकत्र करून घेतले तर वीण सरळ राहते.

तोरण अर्धे राहिले तरी त्यात काही बिघडले नाही, हे लेखिकेला नंतर उमगले. सुयांवर शंभर टाके उघडे असतात, क्रोशात एकच फास उघडा असतो. तो मोठा करून सुई काढली की काम कितीही दिवस थांबते. एकेक फूल वेगळे करून शेवटी जोडायचे, त्यामुळे मांडीवर भारही नसतो. क्रोशाचा चकचकीत दोरा मर्सराइज्ड असतो. जॉन मर्सर या इंग्रजाने कॉस्टिक सोड्याच्या या प्रक्रियेचे पेटंट 1850 मध्ये घेतले. हा दोरा घट्ट पिळाचा असतो आणि आकार धरून राहतो. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या उकाड्याच्या मुलखात, आंध्रातल्या नरसापूरला, बायका एकोणिसाव्या शतकापासून सुती दोऱ्याची क्रोशे लेस करत आल्या आहेत. उन्हाळ्याचे विणकाम कसे असावे याचा याहून चांगला दाखला सापडणे कठीण.

मग लोकर कधी धरायची? कारंज्यात थंडी नोव्हेंबरच्या मध्यापासून जाणवते. रोज तासभर विणणाऱ्या बाईला मोठ्या माणसाचा स्वेटर दोन-अडीच महिने सहज लागतो. पोळ्याला टाके घातले तर तो दिवाळीच्या पुढेमागे अंगात येतो. थंडी पडल्यावर धरलेला स्वेटर होळीला पूर्ण होतो आणि तसाच पेटीत जातो.

अर्धे काम ठेवून देणे भागच असेल तर टाके सुईवर ठेवू नयेत, जाड दोऱ्यात ओवून घ्यावेत. चिठ्ठीवर सुईचा नंबर, शेवटची ओळ आणि गुंड्याच्या लेबलावरचा लॉट नंबर लिहून ती कामालाच टाचावी. खरी लोकर असेल तर धुऊन, पुरती वाळवूनच बांधावी, कारण घामाचे डाग पडलेली लोकर कसर आधी खाते.

राखाडी स्वेटरला अशी चिठ्ठी नव्हती. ऑक्टोबरमध्ये त्या लॉटची लोकर दुकानात उरली नव्हती. शेवटी बाह्या एक छटा गडद झाल्या. या होळीला नवे टाके घालण्याआधी आपापली पेटी उघडून पाहा आणि अर्ध्या कामाला आजच चिठ्ठी टाचा.